भांड्यांवरची नावं वाचणाऱ्या बाई

आमच्या घरमालकीणबाई लातूरच्या जुन्या बाजारात शिरल्या की निम्मे दुकानदार आपली भांडी गोणपाटाखाली झाकायचे. बाई भांडी घासतील, ही त्यांची धास्ती.

बाईंच्या खांद्याला एक खादीची पिशवी असे. तिच्यात चिंचेचा गोळा, मिठाची पुडी, नारळाची शेंडी आणि पाण्याची बाटली. काळंठिक्कर पडलेलं तांब्यापितळेचं भांडं दिसलं की बाई तिथंच रस्त्याच्या कडेला बसत, पदर खोचत आणि त्याच्या काठाचा तेवढा भाग घासायला लागत. आपल्याकडं लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची रीत आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: अमकी हिस आत्याकडून, तमक्यास मामाकडून. बाईंना ते नाव हवं असे. अक्षरं उमटली की त्या मोठ्यानं वाचत, वर्गात हजेरी घ्यावी तशा. मग दुकानदाराला विचारत, "या कुठं आहेत आता?"

दुकानदार काय सांगणार? भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, पण पडलेल्या घरांतला माल बाजारात अजून येतच होता. देव्हारे, कडीकोयंडे, सागवानी चौकटी, परातींचे ढीग. हैदराबाद-मुंबईकडचे व्यापारी गाडी घेऊन यायचे आणि 'जुना रंग' बघून उचलायचे. तो जुना रंगच बाई घासून काढायच्या.

"बाई, लोगां को काला माल होना," भांड्यांचं दुकान मांडणारे एक चाचा कळवळून म्हणायचे. "आप चमका के मेरा धंदा बिठा रैं!"

"काळं म्हणजे जुनं नव्हे, चाचा. काळं म्हणजे न घासलेलं," बाई हात न थांबवता म्हणायच्या.

चाचा आमच्याकडं बघून हात जोडायचे. आम्ही म्हणजे बाईंच्या माडीवरच्या तीन खोल्यांतल्या मुली. मी, डीएड करणारी रुखसाना आणि वैजू. वैजू डॉक्टर व्हायला निघालेली होती, त्यामुळं ती सकाळी एका क्लासला, दुपारी दुसऱ्या क्लासला आणि रविवारी परीक्षेला असायची. त्या काळात लातूरचं सगळं गावच क्लासला गेल्यासारखं वाटे. जिथं रिकामी खोली तिथं पोरं, जिथं ओसरी तिथं मेस. चौकाचौकांत पहिल्या आलेल्यांचे हे एवढे फोटो. एका क्लासच्या मालकाला बाईंनी भर चौकात थांबवून विचारलं होतं, "नापास झालेल्यांचे फोटो कधी लावताय? फी त्यांनीपण भरलीय." तो बिचारा गडबडीत "पुढच्या महिन्यात" म्हणून गेला.

भाडेकरू मुलींसाठी बाईंचा एकच कायदा होता. रविवारी सकाळी पुस्तक बंद. "आठवडाभर ती वस्तुनिष्ठ उत्तरं गिरवून तुमचे डोळे शिळे झालेत. चला, वस्तू बघायला." मग चपला घालून सगळ्यांनी बाजार हिंडायचा. विकत काही घ्यायची सक्ती नव्हती. सक्ती होती ती विचारायची. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ती कुणी केली किंवा कुणाची होती, हे विचारायचं. भाव त्यानंतर.

मी पत्रकांच्या घरात वाढलेली. आमच्या मुदखेडच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत, आणि चळवळीत असलेल्या वडिलांनी मला अक्षरओळख करून दिली ती 'निषेध' या शब्दापासून, असं आई चेष्टेनं म्हणे. अशा मुलीला बाई आवडल्या नसत्या तरच नवल. बाईंचं बोलणं म्हणजे मला चालतंबोलतं पत्रक वाटायचं.

बाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. होत्या म्हणायचं कारण, त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. त्याची हकीकत त्या स्वतःच सांगत, आणि न हसता सांगत. आपलं पठार जुन्या, कठीण खडकाचं, इथं भूकंपाचं भय नाही, असं त्यांनी वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं होतं. प्रश्नोत्तरंसुद्धा लिहून दिली होती. मग ती पहाट आली. शाळा पुन्हा भरली तेव्हा बाईंनी वर्गात जाऊन मुलींना ते वाक्य खोडायला लावलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, परीक्षेत तेच उत्तर लिहावं लागेल. बाई म्हणाल्या, मग परीक्षाच चुकीची आहे. झालं. त्यानंतर त्या शाळेत रमल्या नाहीत.

"मी आयुष्यात एकच खोटं बोलले," त्या म्हणत. "पण पगार घेऊन बोलले. आता पुरे."

आणि खरोखरच पुरे होतं. बाई साधं, सोयीचं खोटंही बोलत नसत. दारात नको तो पाहुणा आला तर आम्ही "बाई झोपल्यात" म्हणायचो, तेवढ्यात आतून आवाज यायचा, "जागी आहे! पण भेटायची इच्छा नाही!" शेजारणीनं नवी साडी दाखवली की शेजारीण रडत घरी जायची. वैजूनं एकदा सरावपरीक्षेतले मार्क वडिलांना फोनवर वाढवून सांगितले, तर बाईंनी रिसीव्हर काढून घेऊन दुरुस्त करून सांगितले. वैजू दोन दिवस जेवली नाही. बाईंनी ताट रोज दारात ठेवलं, पण माफी मागितली नाही.

रुखसानाचं घर नांदेडचं. तिथल्या इतवारा बाजारात वडिलांचा बांगड्यांचा धंदा. एकदा तिथं हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरलं म्हणून तिनं आम्हाला बोलावलं. सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. मांडवात बिदरची काळी-रुपेरी सुरई होती, घोंगड्या होत्या, लाकडी खेळणी होती. बाई सगळं बघत चालल्या होत्या आणि खूश होत्या, कारण घोंगडीवाल्यानं विणणाऱ्याचं नाव सांगितलं होतं. तो स्वतःच विणणारा होता. त्यानं सांगितलेली किंमत कमी आहे म्हणून बाईंनी त्याच्याशी वाद घातला. त्याला काही कळेना. "घासाघीस उलटी करून राहिल्या का बाई तुम्ही?" असं म्हणून तो रुखसानाला हळूच विचारू लागला, डोकं ठीक आहे ना यांचं?

पुढच्या गाळ्यात लमाणी भरतकाम होतं. आरशांचे, कवड्यांचे, रंगीत टाक्यांचे बटवे आणि उशांचे अभ्रे. गाळ्यावर झब्बा घातलेला एक तरतरीत तरुण होता.

"हे कुणी भरलं?" बाईंनी विचारलं.

"आमच्या महिला गटानं, मॅडम."

"गटाला हात नसतात. नाव सांगा."

त्याला नाव येत नव्हतं. गाळ्याच्या कोपऱ्यात एक लमाण बाई पूर्ण पेहराव करून, मान खाली घालून टाके घालत बसली होती. लोकांनी बघावं म्हणून तिला बसवलं होतं. आमच्या बाई सरळ तिच्याशेजारी खाली बसल्या. नाव विचारलं, तांडा विचारला, लेकरंबाळं विचारली. मग तिच्या मांडीवरच्या बटव्याला लावलेली चिठ्ठी हातात धरून म्हणाल्या, "यावर काय लिहिलंय माहीत आहे?"

"मला कुठं वाचता येतं, बाय."

बाईंनी किंमत वाचून दाखवली. त्या बाईची सुई थांबली. तिनं मान वर करून झब्ब्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्याला जातो का रं ह्यो? मग मला कामून तेवढंच?"

पुढं मांडवात जे झालं ते ऐकायला बाकीच्या गाळ्यांवरच्या बायाही आल्या. झब्बेवाला "नंतर बोलू, नंतर बोलू" म्हणत होता, आणि ती लमाण बाई उठून उभी राहून "आताच बोल" म्हणत होती. संध्याकाळच्या आत तिनं आपला भाव वाढवून घेतला. मी रुखसानाच्या घरी बसून त्यावर एक पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या दारात वाटलं.

"तू ना," रुखसाना म्हणाली, "खिचडीत मीठ कमी पडलं तरी पत्रक काढशील."

काढीन. अजूनही काढीन. न विचारता चाललेल्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवल्या की त्या हलतात, हे मी त्या मांडवात डोळ्यांनी पाहिलं. बाईंची माझ्यावरची मोहिनी त्या दिवशी पक्की झाली. म्हणूनच घागरीचं प्रकरण सांगायला हवं.

ती तांब्याची घागर चाचांच्या दुकानात मागच्या रांगेत होती. चाचांनी ती झाकली होती, पण बाईंनी गोणपाट उचललं. गळ्याभोवती वेलबुट्टी, खाली अक्षरं. बाईंनी चिंच लावली, घासली, वाचली. एका बाईचं नाव, तिच्या सासरचं गाव आणि शेवटी 'वडिलांकडून'. गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं होतं. त्या गावाचं नाव ऐकलं की तेव्हा लोकांचा आवाज खाली यायचा.

"ही कुठून आली?" बाईंनी विचारलं.

"भंगारवाला लाया."

"म्हणजे पडलेल्या घराच्या मलब्यातून चोरलेली."

चाचांना ते लागलं. "बाई, हर चीज चोरी की नै रहती. कोई बेचता बी है."

"बापानं लग्नात दिलेली घागर कोण विकतं, चाचा?"

चाचांनी घागर बाईंच्या पुढ्यात सरकवली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. "ले जाव. उस के घर का पानी उस के घर में." बाईंनी पैसे त्यांच्या गल्ल्यात टाकलेच. माझ्या डोक्यात तोवर मथळा तयार झाला होता: 'ढिगाऱ्यावरचे लांडगे'.

पुढच्या रविवारी बाई, मी आणि रुखसाना एसटीनं त्या गावाला निघालो. वैजूची परीक्षा होती. घागर बाईंच्या मांडीवर. आदल्या दिवशी त्यांनी ती अशी लखलखीत केली होती की कंडक्टरनं विचारलं, "कुणाचं लगीन?"

"लग्न झालेलं आहे," बाई म्हणाल्या. "आहेर परत चाललाय."

गाव नव्या जागी वसवलेलं होतं. सारख्या चौकोनी खोल्यांच्या सरळ रांगा, मधे रुंद मोकळे रस्ते. पहिल्याच चौकात विचारल्यावर घर सापडलं. ती बाई जिवंत आहे हे ऐकताच आमच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

अंगणात बाजेवर एक म्हातारी बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. चाळिशीची एक बाई दारात ज्वारी पाखडत होती. आमच्या बाईंनी फाटकातूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, घागरीवरचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची वस्तू तुम्हाला द्यायला आलेय!"

पाखडणाऱ्या बाईचं सूप हातातच राहिलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही आता रडणार. मला वाटलं, आनंदानं.

"कोण हाय गं?" म्हातारी म्हणाली. "कसली वस्तू?"

"कुणी न्हाई आत्या, लातूरच्या बाया हायेत. पाणी देते त्यास्नी." सासूला एवढं सांगून तिनं आमच्या बाईंचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच आत नेलं. मी आणि रुखसाना मागोमाग. आत गेल्यावर ती इतक्या हळू बोलली की आम्ही तिघी तिच्या तोंडाशी वाकलो.

"बाई, तुमच्या पाया पडते. ती घागर म्याच इकली. गळ्यातलं डोरलं बी इकलं. पोरगी हुशार हाय माजी. लातुरात क्लासला ठिवलीय. घरातली एक बी वस्तू पोरीपायी जायची न्हाई, ह्या बोलीवर आत्यानं धाडलीय तिला. घागर मलब्यात गेली म्हणून सांगितलंय म्या. आता कळलं तर उद्याच्याला पोरीला माघारी आणतील अन् उजवून टाकतील. पावणे बघूनच ठिवल्यात."

आमच्या बाईंचा हात घागरीच्या गळ्यावर होता, बरोबर अक्षरांवर.

बाहेरून म्हातारीचा आवाज आला. "वस्तू म्हणली न्हवं ती? भाईर या. आना हिकडं."

दुसरा काही मार्ग नव्हता. बाईंनी घागर बाजेवर ठेवली. म्हातारीनं ती दोन्ही हातांनी चाचपली. बोटं गळ्यावरून फिरली आणि ठिपक्यांवर येऊन थांबली.

"नाव हाय हितं. वाच बरं बाई, काय लिवलंय."

दारात उभी असलेली ती सून खांबासारखी झाली होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ज्यांनी शेजारीण सोडली नाही, वैजूचे मार्क सोडले नाहीत, एक खोटं उत्तर शिकवल्याबद्दल नोकरी सोडली, त्या बाईंकडं मी बघत होते. आणि खरंच मला सांगता आलं नसतं की त्या काय वाचणार आहेत.

बाईंनी वाचलं. नेहमीसारखंच मोठ्यानं, हजेरी घेतात तसं. स्वतःचं नाव वाचलं. त्यापुढं 'आईकडून' असंही जोडलं.

"म्हंजे तुजीच व्हय ही?" म्हातारी म्हणाली.

"माझीच."

"मग हिचं नाव घिऊन वरडत का आलीस?"

"उन्हात नीट दिसलं नाही. चुकीचं वाचलं मी."

म्हातारी एवढ्यावर सोडणारी नव्हती. तिनं माझ्या दिशेनं हात केला. "ये पोरी. तू वाच. तुजे डोळे जवान हायेत."

मी वाकले. तांब्यावर उन्हात अक्षरं झगझगत होती, त्यात कसलाही संशय नव्हता. मी बाईंचं नाव वाचलं. ठासून वाचलं. माझ्यामागं रुखसानानं, तिला कुणी सांगितलं नसताना, पुढं होऊन तेच वाचलं, आणि वर 'आईकडून'ही म्हणाली.

म्हातारी हसायला लागली. दात नसलेलं ते हसू थांबेचना. "आपल्याच घागरीवरलं नाव वाचाया येष्टीनं आली व्हय गं ही! शिकल्याली हाय, पर लई येडी हाय बाई. तिला च्या कर गं, साखर जास्त टाक."

बाईंनी चहा घेतला. साखर जास्त होती. सगळा संपवला.

आजपर्यंत मला पुष्कळांनी विचारलंय की सत्याचा एवढा आग्रह धरणारी तू, ते कसं वाचलंस? लाज नाही वाटली? नाही वाटली. सत्य कुणाच्या तरी बाजूनं मोठ्यानं वाचायचं असतं, हे मी मांडवात शिकले होते. त्या अंगणात ते वाचलं असतं तर एका पोरीच्या विरोधात वाचलं गेलं असतं. म्हातारी आता नाही, पण तरीही या लेखात त्या गावाचं नाव नाही, त्या बाईचं नाही आणि आमच्या बाईंचंही नाही. रुखसाना म्हणाली, माझं खुशाल घाल.

ती सून आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं घागरीला एकदाही हात लावला नाही. आमच्या बाईंनी चालता चालता विचारलं, "मुलीला माहीत आहे?"

"न्हाई. तिला सांगितलंय, एका संस्थेची शिष्यवृत्ती मिळालीय म्हणून. घागर इकली कळलं तर ती पोर क्लास सोडून पळून येईल. बापावर गेलीय." मग थोडं थांबून म्हणाली, "वरसाची फी झाली भरून. पुढलं कसं, ते म्हाईत न्हाई. बघू."

एसटी आली. बाई खिडकीशी बसल्या. घागर मांडीवर, आणि नजर बाहेर काळ्या रानावर. रुखसानानं मला खुणेनं विचारलं, रागावल्या का? मला कळत नव्हतं. लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर बाई घराकडं वळल्याच नाहीत. त्यांनी घागर रुखसानाच्या कडेवर दिली आणि म्हणाल्या, "त्या मुलीची खोली कुठल्या गल्लीत सांगितली आईनं?"

पत्र्याची खोली होती, चार मुली, चार ट्रंका, भिंतीवर सूत्रांचे कागद. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा ती मुलगी जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. आईसारखंच कपाळ. आईनं खुशाली विचारायला सांगितलंय, असं बाई म्हणाल्या तशी ती ताडकन उठून बसली आणि ओढणी सारखी करत बाईंकडं निरखून बघू लागली. बाईंची खादीची पिशवी, चष्मा, मास्तरणीचा आवाज. तिनं आपल्या मनाशी काहीतरी जुळवलं.

"बाई," ती म्हणाली, "माझी शिष्यवृत्ती तुमच्याच संस्थेची हाय का?"

"हो," बाई म्हणाल्या.

मुलगी वही छातीशी धरून उभी राहिली. "आई म्हणली, एकाच वर्साची हाय. माझे मार्क चांगले आलेत बाई. बघा पाहिजे तर. पुढच्या वर्साची बी मिळंल का?"

बाईंनी तिची वही हातात घेतली. पानं उलटली. एक गणित चुकलं होतं, त्यावर बोट ठेवून "हे परत कर" म्हणाल्या. मग वही मिटली.

"मिळेल. पण दर रविवारी आमच्याकडं जेवायला यायचं. संस्थेचा तसा नियम आहे."